हौसेला मोल नाही?

आपल्या साहित्यात निवृत्त माणसाला काम मिळत नाही. त्याला मुले मिळतात, बहुधा कृतघ्न. आजारपण मिळते, आरामखुर्ची मिळते, आणि शेवटाकडे एखादे लांबलचक स्वगत मिळते. पण सकाळी उठून जिथे जायचे आहे, जे बिघडले तर कोणीतरी जाब विचारणार आहे, असे काम कथाकार आणि नाटककार त्याच्या हाती सहसा देत नाहीत. पन्नाशी ओलांडलेले पात्र एक तर सोसण्यासाठी असते किंवा दुसऱ्यांना शहाणपण सांगण्यासाठी.

महाराष्ट्रात बहुतेक सरकारी कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. त्यानंतर धडधाकट अशी वीस वर्षे समोर असणारी माणसे आज प्रत्येक गल्लीत आहेत. ती वाचनालये चालवतात, वस्तीतल्या मुलांना गणित शिकवतात, बासरी किंवा उर्दू शिकायला जातात, सोसायटीचे हिशेब पाहतात, आणि माझ्या ओळखीतली बरीचशी भाषांतरे करतात. साहित्यात या वीस वर्षांचे काय होते, आणि त्या वर्षांत केलेल्या कामाला आपण काम म्हणतो की आणखी काही, हा या लेखाचा प्रश्न आहे.

सुरुवात सर्वांच्या परिचयाच्या नाटकापासून करते. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. गणपतराव बेलवलकर हा थोर नट रंगभूमीचा निरोप घेतो, जे आहे ते मुलांना वाटून टाकतो आणि मग त्यांच्याच घरांत परका होतो. ‘किंग लिअर’शी या नाटकाचे नाते उघड आहे. त्यामुळे मुलांची कृतघ्नता हाच त्याचा विषय मानण्याची सवय आपल्याला लागली. पण लिअर आणि बेलवलकर यांच्यात एक मोठा फरक आहे. राजाने राज्य वाटले की राजेपण जाते. नटाने घर वाटले, पैसा वाटला, तरी नटपण वाटून देता येत नाही. ते त्याच्याजवळच उरते, आणि त्याला करायला काही उरत नाही. बेलवलकर दिवाणखान्यात, पुढे रस्त्यावर, बूटपॉलिश करणाऱ्या राजाच्या सोबतीत, आपल्या जुन्या भूमिकांत शिरत राहतो. आपण याला त्याचे भान सुटणे म्हणतो. मला ती बेकारी वाटते. हातात कसब आहे आणि ते वापरायला जागा नाही, अशा माणसाची बेकारी.

त्याने एका दमात दोन निर्णय घेतले होते: मालमत्ता वाटण्याचा आणि काम सोडण्याचा. पहिल्या निर्णयाबद्दल प्रेक्षक गेली पन्नास वर्षे हळहळत आला आहे. म्हातारपणी मुलांच्या नावावर काही करू नये, हा व्यवहारी धडाही अनेकांनी या नाटकातून घेतला. दुसऱ्या निर्णयाबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. एवढ्या मोठ्या नटाने चार तरुणांना शिकवायला काय हरकत होती, हा प्रश्न आपल्याला पडत नाही, कारण वय झाले की बाजूला व्हायचे हे आपण आधीच मान्य केलेले असते.

हिंदीत याच दुखण्याची एक कथा ‘नटसम्राट’च्या दहा वर्षे आधी लिहिली गेली. उषा प्रियंवदा यांच्या ‘वापसी’त गजाधरबाबू रेल्वेत ३५ वर्षे नोकरी करून घरी परततात. मुलांचे शिक्षण नीट व्हावे म्हणून कुटुंब शहरात ठेवलेले, आणि ते स्वतः छोट्या स्टेशनांवरच्या क्वार्टरमध्ये एकटे. आता घरच्यांसोबत राहायचे म्हणून ते आनंदाने येतात, तर घरात त्यांच्यासाठी जागा नसते. बैठकीच्या खोलीत त्यांची खाट कशीबशी टाकली जाते. ते कोणाला काही सांगायला गेले की घर अवघडते. अखेर ते एका साखर कारखान्यात नोकरी पत्करतात आणि निघून जातात. पत्नी सोबत जात नाही. त्यांच्यामागे ती खाट खोलीतून बाहेर काढायची असते, एवढेच.

ही कथा कुटुंबाच्या विघटनाची कथा म्हणून वर्गावर्गांत शिकवली गेली. तौलनिक साहित्याच्या एम.ए.ला आम्हीही तशीच वाचली. आज मला तिच्यात वेगळी गोष्ट दिसते. गजाधरबाबूंना पुन्हा काम मिळते, पण लेखिका ते काम आपल्याला दाखवत नाही. साखर कारखान्यात त्यांची खुर्ची कुठे आहे, सहकारी कसे आहेत, पहिल्या दिवशी त्यांना बरे वाटले का, यातले काही आपल्याला कळत नाही. उतारवयातली नोकरी म्हणजे हद्दपारी, असे गृहीत धरून कथा संपते. खाट बाहेर निघते त्या ओळीशी आपण सगळे गलबलतो. पण गाडीत बसलेल्या माणसाला पुन्हा वेळापत्रक मिळाले आहे, त्याचे काय?

इथे एका शब्दाकडे वळते. मी बंगाली आणि हिंदीतून मराठीत भाषांतर करते, आणि ‘अवसर’ हा शब्द या वाटेवर मला सतत भेटतो. बंगालीत ‘अवसर’ म्हणजे फुरसत, आणि निवृत्तीसुद्धा; निवृत्त माणूस तिथे ‘अवसरप्राप्त’ असतो. हिंदीत तोच शब्द संधी या अर्थाने येतो, मल्याळममध्येही संधीच. गुजरातीत ‘अवसर’ म्हणजे लग्नकार्यासारखा घरचा शुभप्रसंग. कन्नडमध्ये आणि तमिळमध्ये या शब्दात घाई आहे. तेलुगूत ‘अवसरम्’ म्हणजे गरज. आणि कोकणात जत्रेच्या वेळी देवाचा अवसर अंगात येतो. एकाच संस्कृत शब्दाने देशभर एवढी रूपे घेतली आहेत. पन्नाशीनंतरच्या कामाबद्दल बोलायचे तर यातला एकही अर्थ टाकून देता येत नाही. फुरसत आहे, संधी आहे, वेळ थोडा उरल्याची घाई आहे, पुष्कळांना पैशांची गरज आहे, आणि काहींच्या अंगात खरोखर संचारलेले असते.

मराठीने या जागी ‘निवृत्ती’ हा अध्यात्माच्या घरचा शब्द घेतला. त्याच्या जोडीला सरकारी कागदांवर ‘सेवानिवृत्त’ आला. गंमत अशी की सेवेतून निवृत्त झालेल्या माणसाला लोक लगेच विचारतात, आता समाजसेवा करणार का? पगार असलेली सेवा संपते आणि बिनपगारी सेवा सुरू होते. शब्द तोच राहतो.

कथा-नाटकांत जे सापडत नाही ते आत्मचरित्रांत सापडते. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८चा. १८९१पासून ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. १९१४ साली तिथून निवृत्त झाले. १९१५ साली त्यांचे ‘आत्मवृत्त’ प्रसिद्ध झाले. निवृत्त माणसाने आयुष्याचा ताळेबंद मांडावा, या रीतीला धरूनच हे झाले. पण पुढच्याच वर्षी, ५८ व्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. मोजक्या विद्यार्थिनींनिशी सुरू झालेल्या या विद्यापीठाला १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली. सत्तरी ओलांडल्यावर कर्वे विद्यापीठाच्या कामासाठी परदेशांत हिंडले. १९३६ साली, ७८ व्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि १९४४ साली समता संघ. आज आपण ज्या कामामुळे त्यांना ओळखतो त्यातले एक मोठे काम त्यांच्या आत्मचरित्राच्या शेवटच्या पानानंतर सुरू होते. आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार आयुष्याचा शेवट कुठे धरतो, याविषयी एवढे बोलके उदाहरण मला दुसऱ्या भारतीय भाषेत सापडलेले नाही.

पण कर्व्यांचे पुस्तक एकटे वाचू नये. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया, यांचे ‘माझे पुराण’ शेजारी ठेवावे. आयुष्य संस्थेला वाहिलेल्या माणसाचा संसार कशावर चालला, ते या दुसऱ्या पुस्तकातून कळते. लष्कराच्या भाकऱ्या भाजणे हा आपला वाक्प्रचार घरचे खाऊन परक्यासाठी राबणाऱ्याची थट्टा करतो. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: घरच्या भाकऱ्या कोणीतरी भाजत असते, आणि त्याबद्दल वाक्प्रचार नसतो. स्वयंसेवेवर लिहिलेल्या कुठल्याही गौरवग्रंथाला मी हा प्रश्न आधी विचारते. हा वेळ आणि हा पैसा कोणाच्या वाट्यातून आला?

बायकांच्या बाबतीत पन्नाशीचा हिशेब पहिल्यापासून निराळा असतो. घरकामाला निवृत्तीचे वय नाही. मात्र काही जणींना बंगालीतला ‘अवसर’ पहिल्यांदा मिळतो तो याच वयात. राससुंदरी देवींनी स्वयंपाकघरात पोथीचे पान लपवून वाचायला शिकण्याची धडपड केली तेव्हा त्या पंचविशीच्या आसपास होत्या. ‘आमार जीबन’ लिहिले साठीच्या उंबरठ्यावर, आणि अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यात भर घातली. अक्षरओळख आणि पुस्तक यांच्यात तीन दशकांहून जास्त अंतर आहे. त्या काळात बाळंतपणे आहेत, मोठ्या घराचा स्वयंपाक आहे. बंगाली आत्मचरित्राचा इतिहास इथून सुरू होतो असे मानतात. तो इतका उशिरा का सुरू झाला, याचे उत्तर त्या पुस्तकातच आहे.

आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळक आहेत. जन्म १८६८. नारायण वामन टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्या पन्नाशीला पोचल्या होत्या. शाळेत गेलेल्या नव्हत्या. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुढे लिहून पूर्ण केले, आणि ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपाने १९३४पासून येऊ लागली, त्यांच्या मृत्यूच्या दोन वर्षे आधी. म्हणजे ज्या लेखनामुळे त्या मराठीत थोर ठरल्या ते बहुतेक सगळे पन्नाशीनंतरचे आहे. तरी ‘स्मृतिचित्रे’विषयी बोलताना आपण कोणते शब्द वापरतो? भाबडेपणा, निर्व्याजपणा, आजीने गोष्ट सांगावी तशी शैली. या शब्दांत प्रेम आहे, आणि लेखिकेच्या श्रमाचा उल्लेखही नाही. नवऱ्याचे अर्धवट महाकाव्य हाती घेऊन त्याच्या धाटणीत पुढे लिहायचे, म्हणजे किती वृत्तांची, किती शब्दांची मेहनत झाली असेल. त्या कामातून तयार झालेल्या हातानेच पुढे ते ‘भाबडे’ गद्य आले. प्रसंग कुठे तोडावा आणि टिळकांचा विक्षिप्तपणा सांगून झाल्यावर स्वतः कोणत्या ओळीत गप्प बसावे, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. हा साधेपणा कमावलेला आहे. चाळिशीच्या पुरुषाने असे गद्य लिहिले असते तर आपण त्याला शैलीकार म्हटले असते.

या वृत्तीला मराठीत एक शब्द आहे, कौतुक. लहान मूल पहिल्यांदा चालले की त्याचे कौतुक होते, आणि म्हातारे माणूस नवीन काही शिकले की त्याचेही. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ साली आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ते नव्वदीतल्या बायका गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन तिथे जाऊ लागल्या. छायाचित्रे देशभर छापून आली. केरळात कार्त्यायनी अम्मांनी २०१८ साली, ९६ व्या वर्षी, साक्षरता परीक्षेत १०० पैकी ९८ गुण मिळवले. त्यांचीही छायाचित्रे सर्वत्र झळकली. दोन्ही गोष्टी आनंदाच्या आहेत. पण या बातम्यांची भाषा पाहावी. पाटी, दप्तर, गणवेश, पैकीच्या पैकी गुण: सगळे शब्द बालवर्गातले. एवढी वर्षे अक्षरांवाचून बाजारहाट आणि शेती केलेल्या बाईला अक्षर हाती आल्यावर पहिल्यांदा काय वाचावेसे वाटले, कोणता जुना कागद तिने पुन्हा काढून पाहिला, हे कोणी सहसा विचारत नाही. कौतुक झाले की वाचन संपते. राससुंदरींच्या पुस्तकाचे थोरपण यात आहे की तिथे वाचायला शिकणारी बाई स्वतःच सांगते आहे, आणि तिला कौतुक नको आहे.

आता माझ्या धंद्याबद्दल. भारतीय भाषांतल्या भाषांतराचा मोठा भार निवृत्त माणसांनी उचललेला आहे. बँकेत, रेल्वेत, कॉलेजात आयुष्य काढलेली माणसे साठीनंतर बंगाली किंवा कन्नड पुस्तक हाती घेतात आणि दोन-तीन वर्षे त्याच्यामागे लागतात. बदलीच्या गावी शिकलेली भाषा त्यांच्या उपयोगी पडते. ती नसती तर आपल्या शेजारभाषांतले पुष्कळ साहित्य मराठीत आलेच नसते. हे ऋण मान्य करूनच पुढचे सांगते. मी चाळिशीत आहे, आणि भाषांतर हे माझे पोट आहे. दर ठरवायच्या वेळी मला संपादकांकडून अनेकदा ऐकावे लागले आहे, की अमुक निवृत्त प्राध्यापक हेच काम आनंदाने, काही न घेता करून देतात. हौसेला मोल नसते, ही म्हण मी अशा प्रसंगी दोन्ही अर्थांनी ऐकली आहे. हौस अनमोल असते हा एक अर्थ, आणि हौस फुकट मिळते हा दुसरा.

यात त्या प्राध्यापकांचा दोष नाही. त्यांना निवृत्तिवेतन आहे, कामाची ओढ आहे, आणि आपले पुस्तक छापून यावे एवढीच अपेक्षा. पण फुकटाचे काम जपून वाचले जात नाही, असा माझा अनुभव आहे. पैसे द्यायचे असतील तर प्रकाशक मूळ पुस्तक शेजारी ठेवून तपासणारा माणूस नेमतो, दोनदा परत पाठवतो, भांडतो. फुकट आलेल्या भाषांतराला शाल-श्रीफळ मिळते आणि ते तसेच छापले जाते. परीक्षणात ‘या वयातला उत्साह थक्क करणारा आहे’ असे एक वाक्य येते. नुकसान तिघांचे होते: माझ्यासारख्यांचा दर पडतो, वाचकाला कच्चे पुस्तक मिळते, आणि त्या वृद्ध भाषांतरकाराला आयुष्यात उशिरा धरलेल्या कलेत पुढे जाण्याचा मार्ग कोणी दाखवत नाही. ‘मानधन’ हा मराठी शब्द या सगळ्यावर पांघरूण घालतो. मान आहे म्हणून धन थोडे, आणि धन थोडे म्हणून जाब नाही.

याच्या उलट उदाहरण लक्ष्मीबाईंच्याच पुस्तकाचे आहे. ‘स्मृतिचित्रे’चे शांता गोखले यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २०१७ साली आले. गोखले यांचा जन्म १९३९चा. म्हणजे पन्नाशीनंतर घडलेल्या एका लेखिकेचे पुस्तक सत्तरीच्या उत्तरार्धातल्या भाषांतरकर्तीने दुसऱ्या भाषेत नेले. त्या भाषांतराविषयी बोलताना त्यांचे वय काढावे असे कोणाला वाटत नाही. आयुष्यभर कसाने केलेल्या कामातले ते आणखी एक काम आहे, आणि त्याची चर्चाही तशीच व्हायला हवी.

काम मागण्याचा हक्क मान्य केला की ते नाकारण्याचाही करावा लागतो. गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’त (२०१८) ऐंशी वर्षांची आई नवरा गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहते आणि उठायला तयार होत नाही. सगळे घर तिला उठवायला धडपडते. काहीतरी कर, मन रमव, असा आजचा प्रेमळ आग्रह त्या धडपडीत ओळखू येतो. ती उठते ती स्वतःच्या मर्जीने, आणि मग घर सोडून, सीमा ओलांडून जाते. डेझी रॉकवेल यांच्या इंग्रजी भाषांतरासह या कादंबरीला २०२२ साली आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले, आणि तिच्यावर भरपूर लिहिले गेले. मला तिच्यातला सर्वांत मोलाचा भाग तो पहिला, पाठ फिरवलेला काळ वाटतो. म्हाताऱ्या माणसाच्या रिकाम्या वेळावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही, समाजाचा नाही आणि मुलांच्या चांगुलपणाचाही नाही, हे इतक्या ठामपणे सांगणारी दुसरी कादंबरी मला आठवत नाही.

म्हणून मागणे साधे आहे, आणि ते आधी आम्हा समीक्षक-संपादकांकडे आहे. साठीच्या पुढच्या लेखकाचे पहिले पुस्तक आले तर वयाचे वाक्य खोडावे आणि पुस्तकातली चूक दाखवावी. भाषांतर घेतले तर करार करावा, पैसे द्यावेत, आणि मूळ शेजारी ठेवून तपासावे. ज्यांना पैसे नको असतील त्यांनी ते घेऊन मग हवे त्याला द्यावेत, म्हणजे पुढच्याला फुकट मागण्याची सवय लागणार नाही. आणि कथाकारांना एक विनंती. गजाधरबाबू ज्या गाडीत बसले ती गाडी आता साठ वर्षांहून जास्त काळ धावते आहे. कोणीतरी त्यांच्यासोबत कारखान्याच्या स्टेशनावर उतरावे, आणि तिथे त्यांची सकाळ कशी उजाडली ते लिहावे.